एका नारळाचे महाकाव्य कसे रचावे

माड एकाच्या परड्यात, नारळ पडला दुसऱ्याच्या. मध्ये गुडघाभर उंचीचा चिऱ्यांचा गडगा. उपहासात्मक महाकाव्याला, म्हणजे क्षुल्लक भांडण महाकाव्याच्या थाटात सांगणाऱ्या काव्याला, याहून मोठा विषय लागत नाही, किंबहुना चालतच नाही. विडंबनात बहुधा शैलीचीच टर उडवतात. इथे उलट: शैली खरोखर भारदस्त, टर उडते ती विषयाची. म्हणून वृत्त चोख हवे.

भुजंगप्रयात घ्या. मनाच्या श्लोकांमुळे ते कानात बसलेले असते. कानाला उपदेश अपेक्षित असताना नारळ आला की अर्धे काम झाले. ओळीत 12 अक्षरे, तीन-तीनचे चार गट, प्रत्येक गट लघु-गुरू-गुरू:

नमो त्या फळा जे नभीं नित्य राही
पडे लंघुनी थोर सीमा तरीही

न-मो-त्या, फ-ळा-जे, न-भीं-नि, त्य-रा-ही असे बोटांवर मोजा. 'नि' ऱ्हस्व, पण पुढे जोडाक्षर असल्याने गुरू. 'थोर सीमा' म्हणजे तोच गडगा, पण तसे सांगायचे नाही. पुढच्या श्लोकात त्यावर कोंबडी बसवा, कळते.

मंगलाचरण एका श्लोकात उरका. शस्त्रवर्णनाला मात्र चार द्या, कारण खरी गंमत तिथे आहे. नारळ सोलायची पहार, गंजलेला कोयता, परसातली केरसुणी: कुठल्या लोहाराने घडवली, मूठ कितव्यांदा बदलली, सगळे नेमके. तपशील ढिला पडला की नुसती शब्दांची आतषबाजी उरते. मग आषाढातल्या समुद्राची लांबलचक उपमा, आणि ती लागू करा काकूंनी कमरेला खोचलेल्या पदराला.

कवी स्वतः हसला की काव्य मेले. 'मजेशीर', 'बिचारा' असले शब्द आणि उद्गारचिन्हे काढून टाका. मालवणी फक्त योद्ध्यांच्या तोंडी. निवेदकाने बोलीत पाऊल टाकले की उंची जाते, आणि उंचीच गेली तर पडायचे कुठून? सैन्याच्या गजराला देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्यातले 'व्हय म्हाराजा' आयते आहे, ते वृत्ताबाहेर ठेवा.

दैवी पात्रे सांगाडा उभा राहिल्यावर आणा. इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने कापलेल्या केसांच्या बटेवरचे काव्य 1712 मध्ये दोन सर्गांत छापले. 1714 मध्ये पाच सर्ग केले तेव्हा कुठे हवेतले चिमुकले रक्षक त्यात शिरले. आपल्याकडे ग्रामदेवतेला यात ओढू नका, शेजाऱ्यांची खरी नावेही नकोत, नाहीतर काव्याचेच भांडण होईल. माडावरचा कावळा आणि खारा वारा पुरतात.

पंधरा-वीस श्लोकांवर थांबा. नारळ उंदराने आधीच पोखरलेला होता, हे युद्ध संपल्यावर एकाच ओळीत, त्याच गंभीर स्वरात सांगा. त्यानंतर फलश्रुती.