तमिळ आडनावाचा माग कसा काढावा: ‘पिळ्ळै’च्या निमित्ताने

तमिळ आडनावाचा उगम किंवा अर्थ शोधायला बसलेल्या मराठी माणसाला पहिली अडचण येते ती स्वतःच्याच सवयीची. कुलकर्णी, देशपांडे, चिपळूणकर अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आडनावे आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असतात, की नावाच्या शेवटी येणारा शब्द म्हणजे आडनावच, असे आपण धरून चालतो. तमिळ नावांपुढे हे गृहीतक पुष्कळदा कोलमडते. म्हणून शोधाची सुरुवात शब्दकोशापासून न करता, तो शब्द नावात कोणत्या नात्याने आला आहे, हे ठरवण्यापासून करावी. येथे नमुन्यादाखल ‘पिळ्ळै’ हे नाव घेतले आहे; मराठी वर्तमानपत्रे ते ‘पिल्ले’ असे छापतात.

रूढ तमिळ पद्धतीत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी येते आणि व्यक्तीचे स्वतःचे नाव नंतर. कधी त्याच्याही आधी मूळ गावाचे आद्याक्षर असते. नोबेल पारितोषिक मिळवणारे चंद्रशेखर वेंकट रामन (1930) आणि सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर (1983) हे सख्खे काका-पुतणे होते, पण दोघांच्या नावांत समान आडनाव सापडत नाही. ‘रामन’ आणि ‘चंद्रशेखर’ ही त्यांची स्वतःची नावे. ‘अय्यर’ ही घराण्यातली उपाधी या नावांत आलेलीच नाही. पासपोर्टच्या किंवा शाळेच्या अर्जात आडनावाचा रकाना भरणे भाग पडले, की तेथे वडिलांचे वा पतीचे नाव लिहिले जाते, आणि परक्या माणसाला तेच आडनाव वाटते. तेव्हा हाती आलेला शब्द आजोबा, वडील आणि चुलते या तिघांच्याही नावांत आहे का, ते आधी पाहावे. दर पिढीला तो बदलत असेल तर ते पितृनाम आहे. तो टिकून असेल तर बहुधा ती समाजवाचक उपाधी असते. पिळ्ळै, मुदलियार, चेट्टियार, गौंडर, अय्यंगार ही सगळी याच जातकुळीतली. तिसरी शक्यता श्रीलंकेतील जाफना भागात विशेष आढळते. तेथे ‘पिळ्ळै’ हा व्यक्तिनामाचाच शेवट असतो. जुन्या तमिळ ग्रंथांचे संपादक दामोदरम्‌पिळ्ळै (1832–1901) यांच्या नावातून ‘पिळ्ळै’ वेगळे काढून त्याला आडनाव म्हणणे चुकीचे ठरेल.

यानंतर तो शब्द तमिळ लिपीत कसा लिहितात, याची खातरजमा करावी. या टप्प्याला बहुतेक हौशी संशोधक फाटा देतात आणि पुढे भलत्याच शब्दाचा अर्थ लावत बसतात. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक उरत नाही. मराठीत ‘ळ’ असल्यामुळे आपले काम थोडे सोपे होते, मात्र तमिळमध्ये ‘ळ’खेरीज आणखी एक जवळचा वर्ण आहे (‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी तोच आहे) आणि देवनागरीत आपण दोन्हींना ‘ळ’च लिहितो. परदेशी नोंदींत तर रूपे ओळखू येऊ नयेत इतकी बदलतात. दक्षिण आफ्रिकेत मुदलियारचे ‘मूडली’ झाले, गौंडरचे ‘गोवेंडर’ झाले आणि पिळ्ळैचे ‘पिले’. पुदुच्चेरीत आणि रीयुनियन बेटावर फ्रेंच लेखनाने आणखी निराळी रूपे घडवली. आद्याक्षरांचीही तीच गत आहे. 1906 मध्ये स्वदेशी आगबोट कंपनी काढणारे व. उ. चिदंबरम् पिळ्ळै यांचे दुसरे आद्याक्षर तमिळमध्ये ‘उ’ आहे, कारण वडिलांचे नाव उलगनाथन्. इंग्रजीत मात्र त्याचा ‘ओ’ झाला.

लेखन पक्के झाल्यावर मद्रास विद्यापीठाचा तमिळ कोश उघडावा. त्याचे सहा खंड 1924 ते 1936 या काळात निघाले आणि आज तो महाजालावर शोधता येतो. ‘पिळ्ळै’चा मूळ अर्थ मूल किंवा अपत्य, पण व्याप त्याहून मोठा. खारीला ‘अणिल् पिळ्ळै’ म्हणतात, मुंगसाला ‘कीरिप्पिळ्ळै’, आणि अंगणात लावलेल्या नारळाच्या रोपालाही ‘तेन्नम् पिळ्ळै’. गणपतीचे तमिळ नाव ‘पिळ्ळैयार’ याच शब्दाला आदरार्थी प्रत्यय लागून बनले आहे, आणि देवतेला बाळ मानून रचलेल्या काव्यप्रकाराला ‘पिळ्ळैत्तमिळ’ म्हणतात. मराठी वाचकाला येथे ‘पिल्लू’ आठवणे साहजिक आहे. तरी केवळ उच्चार जुळतो म्हणून नाते जोडू नये, त्यासाठी द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश पाहावा.

कोशातला अर्थ म्हणजे घराण्याचा उगम नव्हे. ‘मूल’ या अर्थाचा शब्द मानाची उपाधी कसा झाला, याचा धागा चोळकालीन शिलालेखांत दिसतो, कारण तेथे राजपुत्रांना ‘पिळ्ळैयार’ म्हटलेले आढळते. पुढे ही उपाधी वेळ्ळाळर या जमीनदार-शेतकरी समाजात आणि गावाचे हिशेब ठेवणाऱ्या करुणीगर समाजात रुळली. नागस्वरम् (सनईसारखे लांब वाद्य) आणि नृत्य यांची परंपरा सांभाळणाऱ्या इसै वेळ्ळाळर घराण्यांतही ती आहे; नागस्वरवादक राजरत्नम् पिळ्ळै (1898–1956) यांचे नाव प्रसिद्धच आहे. केरळात, विशेषतः जुन्या त्रावणकोर संस्थानात, ती नायर घराण्यांना मिळाली. त्रावणकोरचा राजा मार्तंड वर्मा याने मोडून काढलेले आठ घराण्यांचे सरदार ‘एट्टुवीट्टिल पिळ्ळमार’ म्हणूनच ओळखले जात. 1984 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले मल्याळम् कादंबरीकार तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या नावातले ‘तकळी’ हे गाव आहे, ‘शिवशंकर’ हे नाव आणि ‘पिळ्ळै’ ही उपाधी. तेव्हा उपाधीवरून एकदम जात सांगण्याचा मोह टाळावा आणि आधी जिल्हा व गाव शोधावे.

नावात उपाधी दिसत नाही, म्हणजे ती घराण्यात नव्हतीच, असाही निष्कर्ष काढू नये. फेब्रुवारी 1929 मध्ये चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेने जातिवाचक उपाध्या सोडण्याचा ठराव केला, चळवळीचे नेते पेरियार (ई. वे. रामसामी) यांनी स्वतःच्या नावातले ‘नायकर’ टाकले, आणि पुढच्या दशकांत तमिळनाडूत असंख्य कुटुंबांनी तोच मार्ग धरला. अशा घराण्याचा शोध घेताना जमिनीची खरेदीखते, आजोबांचे शाळेचे दाखले आणि जुन्या लग्नपत्रिका पाहाव्यात. पत्रिकेत वडीलधाऱ्यांची नावे पूर्ण लिहिण्याची रीत असल्याने, नातवाने टाकलेली उपाधी तेथे बहुधा शाबूत सापडते.

घराणे परदेशी गेले असेल तर कागद जास्त मिळतात, हा काहीसा उफराटा पण सुखद अनुभव आहे. ‘ट्रुरो’ जहाज मद्रासहून निघून 16 नोव्हेंबर 1860 रोजी डर्बनला पोचले. तेव्हापासून 1911 पर्यंत सुमारे दीड लाख गिरमिटिया मजूर दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीत उतरले, आणि जहाजांच्या याद्यांत नाव, वडिलांचे नाव, वय, जिल्हा, तालुका व गाव यांच्या नोंदी झाल्या. या याद्यांत आडनाव शोधू नये. वडिलांचे नाव आणि गाव यांची जोडी जुळते का, ते पाहावे. वसाहतीच्या दप्तरांना कायम आडनाव लागत असल्यामुळे एकेकाळची उपाधी तेथे पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळू लागली. सिंगापूरची नोंद त्याहून जुनी आहे: 1819 मध्ये तेथे ब्रिटिश ठाणे वसवणाऱ्या रॅफल्सबरोबर गेलेल्या नारायण पिळ्ळै यांनी 1827 मध्ये मरिअम्मन मंदिर उभारले. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर पुण्याजवळच्या खडकीत 1968 मध्ये तमिळ कुटुंबात जन्मलेले हॉकीपटू धनराज पिल्ले यांचे घेता येईल.

राहता राहिला प्रश्न, हे आडनाव किती प्रचलित आहे याचा. आडनावांची क्रमवारी लावणारी संकेतस्थळे प्रत्येक रोमन लेखन वेगळे मोजतात, त्यामुळे आधी सगळी रूपे एकत्र करावीत. केरळातली आणि तमिळनाडूतली संख्या मात्र एकत्र करू नये, कारण शब्द एक असला तरी घराण्यांचे इतिहास दोन आहेत. तमिळनाडूचा आकडा कमीच दिसणार, कारण तेथे उपाधी टाकली गेली. दक्षिण आफ्रिका आणि मॉरिशस येथे ती कागदोपत्री आडनाव म्हणून पक्की झाल्यामुळे लोकसंख्येच्या मानाने ठळक दिसते. जाफन्यातली जोडनावे या मोजणीत जमेस धरू नयेत.