४^क्ष वाली समीकरणं: मधलं सगळं बरोबर, तरी उत्तर चूक? या चुका टाळा

फोंड्याला आमच्या घरी सोप्यावर संध्याकाळी अकरावी-बारावीची मुलं ट्यूशनला बसतात आणि दरवर्षी घातांकाची समीकरणं सुरू झाली की माझं लाल पेन आठवड्याला एक लागतं. गंमत म्हणजे मधलं वर्गसमीकरण जवळजवळ सगळ्यांचं बरोबर असतं, दहावीत घोटून घोटून त्यावर हात बसलेला असतो. चुकतं ते त्याच्या अगोदर, २^क्ष ला य म्हणताना, नाहीतर नंतर, य वरून परत क्ष कडे येताना.

(मोबाईलवर पावर वर लिहिता येत नाही म्हणून ४^क्ष म्हणजे ४ चा क्षवा घात असं समजा. क्ष आणि य जुन्या पुस्तकातल्यासारखं वाटेल, पण चालवून घ्या.)

साधं उदाहरण घेऊ. ४^क्ष − ६·२^क्ष + ८ = ०. इथे ४^क्ष म्हणजे (२^क्ष)^२, म्हणून २^क्ष = य धरलं की य^२ − ६य + ८ = ० होतं, य = २ किंवा ४. आणि इथेच अर्धी मुलं खाली डबल लाईन मारून मोकळी होतात! अरे बाबा, विचारलंय क्ष. रायबंदरहून फेरीबोटीत बसून चोडण बेटावर गेलास, काम झालं, आता घरी परत यायचं की नाही? २^क्ष = २ म्हणून क्ष = १, आणि २^क्ष = ४ म्हणून क्ष = २. मी तर मुलांना सांगते, य धरला त्याच ओळीच्या बाजूला पेन्सिलीने 'क्ष पाहिजे' असं लिहून ठेवा, बावळटपणा वाटतो पण मार्क वाचतात.

आता जातानाच्या चुका. सगळ्यात जास्त दिसते ती २^(क्ष+१) ची. समजा ४^क्ष − २^(क्ष+१) − ८ = ० आहे. कोणी २^(क्ष+१) ला य + १ लिहितं, मग य^२ − य − ९ = ० येतं, विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येतो तो आकडा) ३७ येतो, आणि मूल बिचारं रूट ३७ घेऊन पुढची दोन पानं झगडत बसतं. परीक्षेच्या गणितात असा ओबडधोबड विवेचक आला तर पुढे जाऊ नका, आधी य धरलेली ओळ परत बघा, दहातल्या आठ वेळा घोळ तिथेच असतो. दुसरं कोणी २·२^क्ष म्हणजे ४^क्ष असं करून टाकतं, मग ४^क्ष मधून ४^क्ष जातं, उरतं −८ = ०, आणि उत्तर काय तर 'सोल्यूशन नाही'. इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेलं असतं की क्षणभर मलाच वाटतं खरंच नसेल. पावरमध्ये बेरीज असली तर बाहेर गुणाकार होतो, म्हणजे २^(क्ष+१) = २·२^क्ष = २य, बस्स. बरोबर समीकरण य^२ − २य − ८ = ०, य = ४ किंवा −२. ६·२^क्ष ला १२^क्ष लिहिणारे पण ह्याच जातीचे, पावर फक्त २ च्या डोक्यावर आहे, ६ च्या नाही. आणि (२^क्ष)^२ म्हणजे २^(क्ष^२) नव्हे हं, क्ष = ३ घालून बघा, एकीकडे ६४ येतात आणि दुसरीकडे ५१२.

बरं, वरच्या त्या −२ चं काय करायचं? इथे खरी मजा आहे. २^क्ष कधी निगेटिव्ह होत नाही म्हणून −२ सोडायचा, राहिला ४, म्हणून क्ष = २. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण पाठ असतं तेच नडतं. गेल्या पावसात एका मुलीला २·४^क्ष − ९·२^क्ष + ४ = ० घातलं होतं. तिने २य^२ − ९य + ४ = ० केलं, (२य − १)(य − ४) केलं, य = १/२ किंवा ४ काढलं, २^क्ष = १/२ वरून क्ष = −१ सुद्धा काढलं, सगळं अचूक, आणि मग त्या −१ वर काट मारून बाजूला लिहिलं 'निगेटिव्ह, सोडून दिलं'. मी विचारलं का गे? तर म्हणते, "टीचर, निगेटिव्ह चालत नाही म्हणून तुम्हीच सांगितलंय."

चूक माझीच होती, कोण चालत नाही ते मी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात रस्त्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला, म्हटलं हेच बरं. एक उंडो (गोल पाव) घे, अर्धा कर, म्हणजे २^(−१). त्याचा परत अर्धा, पाव उंडो, २^(−२). परत अर्धा, १/८. असं करत बस दिवसभर, तुकडा बारीक बारीक होत जाईल पण गणितात तो संपणार नाही, आणि अर्धा करता करता तूच मला उंडो देणं लागशील असं तर मुळीच होणार नाही. म्हणजे पावर निगेटिव्ह खुशाल असू दे, उंडो निगेटिव्ह असू शकत नाही. काट मारायची ती य वर, क्ष वर कधीच नाही. आणि य = ० आला तर तोसुद्धा बाद. क्ष = −१ मूळ समीकरणात घालून बघा, ०.५ − ४.५ + ४ = ०, छान बसतं.

'घालून बघा' म्हटलं की मुलांना वाटतं पडताळा जुळला म्हणजे झालं. तसंही नाही. हे बघा, ३^क्ष + ३^(२−क्ष) = १०. ३^क्ष = य धरलं की य + ९/य = १०. आता य ने गुणायचं, आणि घाईत उजवीकडचा १० तसाच राहतो, य^२ + ९ = १०, य = १ किंवा −१, −१ बाद, क्ष = ०. घालून बघितलं तर १ + ९ = १०, एकदम बरोबर! पण खरं समीकरण य^२ − १०य + ९ = ०, य = १ किंवा ९, म्हणजे क्ष = ० आणि क्ष = २. एक उत्तर हरवलं आणि पडताळ्याला पत्ताच नाही, कारण पडताळा चुकीचं उत्तर पकडतो, हरवलेलं नाही. त्यासाठी मोजायचं: य ची जितकी वेगवेगळी पॉझिटिव्ह मूळं, तितकीच क्ष ची उत्तरं, एकही जास्त नाही नि कमी नाही. (क्ष = ० ला 'काही नाही' समजून सोडणारे पण दरवर्षी एकदोघे असतातच.)

वेगवेगळे बेस (पावर ज्यांच्या डोक्यावर असते ते आकडे) दिसले की मुलं गडबडतात. ३·४^क्ष − ५·६^क्ष + २·९^क्ष = ० मध्ये नुसतं २^क्ष = य धरून चालत नाही, आधी सगळ्याला ९^क्ष ने भागा, मग (२/३)^क्ष = य, ३य^२ − ५य + २ = ०, य = १ किंवा २/३, क्ष = ० किंवा १. भागायला भिऊ नका, ९^क्ष कधी शून्य नसतं. आणि ८^क्ष नि २^क्ष एकत्र असले तर तिथे य^३ येतो, त्याला ओढूनताणून वर्गसमीकरण करू नका.

शेवटी ४^क्ष − ५·२^क्ष + ६ = ०. य = २ किंवा ३. २ वरून क्ष = १ सगळे लिहितात, आणि ३ बघितला की 'हा २ च्या पावरमध्ये नाही' म्हणून सोडून देतात. पॉझिटिव्ह आहे ना? मग उत्तर आहेच, क्ष = लॉग ३ भागिले लॉग २, साधारण १.५८५. पण हा लॉग इथे, शेवटी घ्यायचा. एका मुलाने पहिल्याच ओळीला प्रत्येक पदाचा वेगळा लॉग घेतला होता, उजवीकडच्या शून्याचा पण. मी त्याला म्हटलं, शून्याचा लॉग कॅल्क्युलेटरवर काढून दाखव. त्याने दाबलं, एरर आला, परत दाबलं, आणि मग हळूच म्हणाला, "टीचर, ह्याची बॅटरी गेली वाटतं."