हॅक केलेला पोकेमॉन गेम मोबाईलवर सेव्ह होत नसेल तर आधी हे करा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपूरच्या बर्डीवरून सेकंडहॅंड फोन घेतलेली पोरं हमखास विचारतात, भाऊ गेम सेव्हच होऊन नाही राहिला, '१एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड' असं काहीतरी येऊन राहिलं. फोन खराब नसतो आणि बहुतेक वेळा गेमची फाईलही ठीकच असते. फायररेड, एमराल्ड या गेमबॉय ॲडव्हान्सवरच्या पोकेमॉन गेमच्या खऱ्या कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी १ मेगाबिट म्हणजे १२८ केबीची फ्लॅश चिप होती, आणि त्यांच्यात बदल करून चाहत्यांनी बनवलेले हॅक तेवढीच जागा मागतात. हॅक असला की एम्युलेटर, म्हणजे असे जुने गेम फोनवर चालवणारं ॲप, कधीकधी गेम नीट ओळखत नाही आणि ६४ केबीच देतो, मग गेम अडतो.

एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये सेव्ह टाइप शोधा, ऑटो असेल तर फ्लॅश १२८के करा, काही ॲपमध्ये तेच फ्लॅश १एम म्हणून असतं. आता महत्त्वाचं, जुनी .sav फाईल (गेमचं सेव्ह हिच्यातच असतं) तशीच ठेवली तर एरर परत येऊ शकतो. फाईल मॅनेजरमध्ये तिची साईझ बघा, ६४ केबी दिसली तर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, डिलीट नका करू, आणि गेम पूर्ण बंद करून पहिल्यापासून सुरू करा. जुनी सेव्ह स्टेट, म्हणजे एम्युलेटरने स्वतः साठवलेली त्या क्षणाची प्रत, लोड करू नका, तिच्यासोबत जुनी गडबड परत येऊ शकते.

तरीही नाही झालं तं ॲपला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे का ते बघा, अँड्रॉइड ११ पासून हे फार कडक झालंय.