कॅलरीचं अ‍ॅप राहू दे, आधी महिन्याची किराणा यादी काढा

नीट खायचं ठरवलं की लोक पहिलं अ‍ॅप डाउनलोड करतात आणि "एक वाटी भाजी" कशी भरायची इथेच अडकतात, कारण आपल्याकडे भाजी रोज वेगळी, तेलाचा हात वेगळा, वाटी पण प्रत्येक घरात वेगळी. माझं म्हणणं असं की घरात खरंच काय खाल्लं जातं ते वाण्याच्या बिलात आधीच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायचं कसं ते कळलं पाहिजे.

तर गेल्या महिन्याचं बिल शोधा, डी-मार्टचं असो नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानाचं, आणि एका कागदावर पाच-सहा ओळी करा: धान्य, डाळी-कडधान्य, तेल-तूप, शेंगदाणे-तीळ वगैरे, साखर-गूळ, मीठ. दूध आणि भाजीचा अंदाज बाजूला लिहा.

आता हे कशाशी ताडून बघायचं? हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, त्यांनी २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या. त्यात २००० कॅलरीच्या दिवसासाठी कच्च्या वजनात साधारण असं दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तेलबिया-सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. चार मोठी माणसं आणि तीस दिवस असा गुणाकार केला तर धान्य ३० किलो, डाळी-कडधान्य १० किलो, शेंगदाणे-तीळ-जवस मिळून ४ किलो आणि तेल साडेतीन लिटर. लहान मुलं असतील, कोणी डबा बाहेरून खात असेल तर त्या हिशोबाने कमी करा, मटण-मासे-अंडी नियमित होत असतील तर डाळ थोडी कमी चालते.

बहुतेक घरात पेन थांबतं ते डाळीच्या ओळीवर. १० किलो? आपल्याकडे तीन-चार किलो येते, त्यात सणाची पुरणाची डाळ पण आली. आणि तेल मात्र पाच लिटरचा डबा संपून वर एक पिशवी.

डाळीचं एवढं का लावून धरायचं ते सांगते. आपण खातो त्यातला मोठा भाग नुसतं जिवंत राहायला लागतो, म्हणजे झोपलो असलो तरी हृदय, फुफ्फुसं, किडन्या चालूच असतात, मेंदू तर वजनाने शरीराच्या २ टक्के आणि बसल्या जागी ऊर्जा खातो २० टक्के. ही ऊर्जा पोळी, भात, साखर, तेल कशातूनही मिळते आणि जास्त झाली तर चरबी म्हणून साठते. पण शरीर सतत मोडतही असतं आणि नवीन बनतही असतं, रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, स्नायूंचं काम तर रोजच चालू, आणि त्याला प्रोटीन लागतं. प्रोटीनचा चरबीसारखा वेगळा साठा शरीर करत नाही, कमी पडलं तर स्नायूंतून काढतं. म्हणून पोट गच्च भरूनही हातपाय गळाल्यासारखे वाटणारी माणसं असतात. थकव्याला दुसरी कारणं पण असतात, पण ताट बघायला हरकत नाही.

किती लागतं? निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. आता आपलं वरण जवळून बघू. चौघांसाठी कुकरला एक मूठ तूरडाळ लावली, ती धरा ५० ग्रॅम. कच्च्या तूरडाळीत शंभराला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे अख्ख्या पातेल्यात ११ आणि माणशी पावणेतीन. वाटी भरलेली दिसते पण तिच्यात पाणीच जास्त. त्याच जेवणात माणशी ५० ग्रॅम बेसनाचं पिठलं केलं तर १० ग्रॅमच्या आसपास मिळतं. उकडलेलं एक अंडं ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम.

पोळी-भाकरीत पण प्रोटीन असतं बरं का, तीन-चार पोळ्यांत १० ग्रॅम सहज, पण प्रोटीन ज्या तुकड्यांपासून बनतं त्या अमिनो अ‍ॅसिडपैकी लायसिन नावाचं एक धान्यात कमी असतं आणि ते डाळीत भरपूर, डाळीत जे कमी ते धान्यात, म्हणून वरणभात, थालीपिठाची भाजणी, मटकीची उसळ नि भाकरी ह्या जोड्या खरंच कामाच्या आहेत. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ, कच्ची मोजून. खिचडीत मी तर दोनाला एक घालते.

यादीत बदल करताना सगळं एकदम करू नका. तांदूळ-गहू दोन-तीन किलोने कमी लिहा आणि तेवढीच मटकी, चवळी, हरभरे, कुळीथ वाढवा. तूरडाळ महाग पडते हे मान्य, मग हरभरे, शेंगदाणे, सोयाबीन बघा. सोयाबीनमध्ये शंभराला ३५ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन असतं, दळणात थोडं टाकलं तरी चालतं, फक्त आधी भाजून घ्या. कडधान्य भिजवून मोड आणले की त्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. उपवासाच्या साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो, तिथे शेंगदाण्याच्या कुटाचा हात सैल सोडा.

लोहावरून आठवलं, बायकांना दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषांना १९. पालेभाजी, बाजरी, अळीव यातलं लोह तसं अंगाला कमी लागतं, त्यावर लिंबू पिळलं किंवा सोबत पेरू-आवळा खाल्ला तर जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. चहा तासभर लांबवा, एवढं तरी करा प्लीज, खास करून घरातल्या मुलींसाठी.

मिठाची ओळ पटकन: माणशी ५ ग्रॅमच्या हिशोबाने चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा दीड महिना पुरायला हवा, आणि लोणचं-पापड-फरसाण यातलं मीठ त्यातच धरायचं. साखर-गूळ चौघांत ३ किलोच्या आत ठेवा, बिस्किटं आणि कोल्ड्रिंकमधली साखर पकडून.

भाजीचा आकडा मोठा वाटेल, चौघांना आठवड्याला ११ किलो, आणि मी बटाटा त्यात धरत नाही. मंडईतून येताना पिशवी जड नसेल तर एक पालेभाजीची जुडी आणि काकडी-गाजर एवढ्यापासून सुरू करा. पालेभाजीला फोडणी मात्र द्या, त्यातलं अ जीवनसत्त्व शोषायला थोडं तेल लागतंच.

दोन गोष्टी किराणा यादीत सापडणार नाहीत. बी-१२ डाळी-भाज्यांत नसतं, दूध-दही-अंडी-मासे-मटण यातच असतं, त्यामुळे शाकाहारी घरात दूध कमी असेल तर रक्त तपासून घ्या. आणि ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातून. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड या तपासण्या एकदाच रक्त देऊन होतात. घरात कोणाला डायबेटिस किंवा किडनीचा त्रास असेल किंवा कोणी गरोदर असेल तर वरचे आकडे त्यांना तसेच लावू नका, यादी घेऊनच डॉक्टरांकडे जा, त्यांनाही नेमकं सांगायला सोपं जातं.