थर्मल कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी किती टाकायची? मेंटेनन्समध्ये नवीन आलेल्यांसाठी

डिप्लोमा करून इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला लागलं की हल्ली लगेच हातात थर्मल कॅमेरा देतात, आणि पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, सर एमिसिव्हिटी (म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती चांगली बाहेर फेकतो त्याचा ० ते १ मधला आकडा) किती टाकू? कॅमेरा बहुतेक वेळा ०.९५ वरच असतो आणि पेंट, पीव्हीसी केबल, रबर, माणसाची कातडी सगळ्याला तेवढं चालून जातं. रंग काळा का पांढरा बघू नका, हे कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेडमध्ये बघतात, तिथे पांढरा ऑइलपेंटपण जवळपास काळाच.

खरी गोची चकचकीत धातूची. उघड्या अल्युमिनियम नाहीतर तांब्याच्या बसबारची (पॅनलमधली करंट वाहून नेणारी जाड पट्टी) एमिसिव्हिटी ०.१ किंवा त्याहून कमी, म्हणजे कॅमेऱ्यात जातं त्यातलं बरंचसं समोरच्या भिंतीचं, ट्यूबलाइटचं आणि तुमच्या स्वतःच्या पोटाचं रिफ्लेक्शन! समजा बसबार खरा ८० डिग्रीला आहे, आजूबाजूला ३०, आणि सेटिंग ०.९५, तर स्क्रीनवर ३६ च्या आसपास दिसणार आणि तुम्ही रिपोर्टला ओके लिहून मोकळे.

मग ०.१ टाकू की, असं कोणीतरी म्हणतंच. टाका, पण ती ०.१ च आहे हे कोणी सांगितलं? धूळ, ऑक्साइड, घासलेला भाग, सगळीकडे वेगळी. वरच्याच उदाहरणात ०.१५ टाकलं तर ६५ येतं आणि ०.०७ टाकलं तर ९५. त्यामुळे नेटवरचा तक्ता बघून धातूचं तापमान काढणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. एमिसिव्हिटी ०.६ च्या खाली असेल तर आकडा लिहूच नये.

करायचं काय, तर सेटिंग नाही, पृष्ठभाग बदलायचा. शटडाऊन मिळाला की जॉइंटजवळ चांगल्या काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा (चालू पॅनलमध्ये हात घालायचा नाही म्हणजे नाही), लोड आल्यावर ०.९५ ठेवून टेपवरच वाचायचं, आणि टेप कॅमेऱ्याच्या स्पॉटपेक्षा (ज्या ठिपक्याचं तापमान तो वाचतो) मोठी हवी नाहीतर शेजारचा धातूच मोजला जातो. टेप नसेल तर लगतचं केबलचं इन्सुलेशन बघा, तिन्ही फेज एकमेकांशी ताडून बघा. हॉटस्पॉट दिसला की दोन पावलं बाजूला सरका, तो पण सरकला तर रिफ्लेक्शन आहे.

रिफ्लेक्टेड टेंपरेचरसाठी (आजूबाजूचं जे रिफ्लेक्शन वस्तूवरून कॅमेऱ्यात येतं त्याचं तापमान) अल्युमिनियम फॉइल चुरगाळून परत सपाट करायची, वस्तूजवळ, वस्तूचं तोंड जिकडे तिकडेच फॉइलचं करून धरायची, एमिसिव्हिटी १ आणि अंतर ० करून फॉइलचं सरासरी रीडिंग घ्यायचं, तेच मेनूत टाकायचं.

घरी प्रॅक्टिस करायची तर स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी ओता, बाहेरून टेपची पट्टी लावा. स्क्रीनवर पट्टी भडक लाल आणि बाकीचं पातेलं थंडगार दिसतं, बोट मात्र दोन्हीकडे सारखंच भाजेल.

आणि हो, पॅनलच्या पुढचं अ‍ॅक्रिलिक कव्हर काढल्याशिवाय शूट करू नका, त्यातून आतलं दिसत नाही, कव्हरचंच तापमान येतं.