जुनी हायब्रीड गाडी घेताय? या चुका टाळा

२०२२-२३ सालच्या ग्रँड विटारा, हायरायडर, सिटी हायब्रीड, इनोव्हा हायक्रॉस आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. हायब्रीड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि तिची बॅटरी असलेली गाडी. गाडी बघायला गेलेला माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, ‘बॅटरी गेली तर?’ प्रश्न रास्त आहे. पण व्यवहार फसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टींमुळे.

नुसता बॅज बघून पैसे देणं

जाहिरातीत ‘ग्रँड विटारा हायब्रीड’ लिहिलेलं असतं, पण त्या नावाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या गेल्या. एक माइल्ड हायब्रीड, दुसरी स्ट्राँग. माइल्डमध्ये मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँगमध्ये ती एकटीही ओढते. जुन्या सियाझ, अर्टिगावरचं ‘एसएचव्हीएस’ हेही माइल्डच. आरसीवर ‘पेट्रोल/हायब्रीड’ दिसलं तरी निश्चिंत होऊ नका, माइल्ड गाडीच्या आरसीवरही तसं असू शकतं. सोपी खूण म्हणजे क्लचचं पेडल. ते दिसलं तर गाडी स्ट्राँग हायब्रीड नाही, कारण आपल्याकडच्या सगळ्या स्ट्राँग हायब्रीड ऑटोमॅटिकच आहेत. ऑटोमॅटिक असेल तर स्टार्टचं बटण दाबा, ‘रेडी’ची खूण येऊ द्या आणि बघा, इंजिन न लागता गाडी पुढे सरकते का. इंजिन थंड असल्यामुळे लागलं, तर ते गरम होऊन आपोआप बंद होईपर्यंत थांबा आणि मग बघा.

स्वतःचं रनिंग न मोजणं

ही चूक मला सर्वात महाग वाटते. हायरायडरचा कंपनीचा आकडा २७.९७ किलोमीटर प्रतिलिटर आहे. तो वाचून लोक भारावतात आणि हिशेब करायचा राहून जातो. समजा, शहरात हायब्रीड २१ देते आणि तशीच साधी पेट्रोल गाडी १३. पेट्रोल १०४ रुपये धरा. महिन्याला १००० किलोमीटर फिरणाऱ्याचे साधारण ३००० रुपये वाचतात. हायब्रीडसाठी दोन लाख जास्त मोजले असतील, तर ते भरून निघायला साडेपाच वर्षं लागतात. ४०० किलोमीटर फिरणाऱ्याला तेरा वर्षांहून जास्त. तुमचं रनिंग एक्स्प्रेसवेवरचं असेल तर फरक आणखी कमी होतो, कारण एकसारख्या वेगात ब्रेक क्वचित लागतो आणि वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत भरायची संधीच मिळत नाही. हिंजवडी किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज रखडणाऱ्याने मात्र हायब्रीड जरूर बघावी. या गाडीचा खरा फायदा तिथेच आहे.

‘वॉरंटी आहे’ एवढ्यावर थांबणं

टोयोटा आणि होंडाच्या या गाड्यांच्या हायब्रीड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. ती पहिल्या मालकाने गाडी घेतली त्या तारखेपासून मोजतात. म्हणून दीड लाख किलोमीटर पळालेली हायक्रॉस तीनच वर्षांची असली, तरी तिची वॉरंटी संपत आलेली आहे. सर्व्हिसची पुस्तिका पुरेशी नाही. गाडीचा नंबर देऊन ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण हिस्टरी काढून घ्या आणि प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं किलोमीटर चढतं आहे ना, ते पडताळा. बाहेरच्या दुकानात वायरिंग कापून म्युझिक सिस्टीम किंवा लाइट बसवले असतील, तर वॉरंटीचं काय होईल, तेही तिथेच विचारा.

गोल चक्कर मारून टेस्ट ड्राइव्ह संपवणं

अर्धा तास तरी चालवा, तीही ट्रॅफिकमध्ये, एसी लावून. चार्जची पट्टी पटकन भरते आणि तितकीच पटकन रिकामी होत असेल, तर बॅटरीबद्दल शंका घ्या. तिला थंड ठेवणाऱ्या पंख्याचा सतत मोठा आवाज येत असेल, तर त्या पंख्याची हवा घ्यायची जाळी बघा. मॉडेलनुसार ती सीटखाली किंवा मागच्या सीटच्या बाजूला असते. धूळ आणि कुत्र्यामांजरांच्या केसांनी ती तुंबली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य कमी होतं. ही जाळी साफ करायला खर्च नगण्य आहे, तरी कितीतरी मालकांना ती कुठे आहे हेच ठाऊक नसतं.

एक गोष्ट बिघाड वाटते, पण नसते. घाट उतरताना बॅटरी पूर्ण भरली की इंजिन एकदम आवाज चढवतं, ते ठीकच आहे.

गाडी ‘रेडी’लाच येत नसेल, डॅशबोर्डवर दिवे लुकलुकत असतील, तर आधी छोटी १२ व्होल्टची बॅटरी तपासा. गाडीचे कॉम्प्युटर तीच जागे करते आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ती उतरते. ती चार्ज करून मग बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. टोयोटाच्या हायब्रीडमध्ये पी०ए८० कोड आला तर मात्र तो मोठ्या बॅटरीचाच आहे, आणि वॉरंटी संपली असेल तर तिथेच उठावं. नारिंगी केबलला कुणालाही हात लावू देऊ नका, त्यात उच्च दाबाची वीज असते.

पुराचं पाणी

हायब्रीड बॅटरी सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असते, म्हणजे पाणी शिरलं तर लवकर तिथे पोचतं. २५ जुलै २०२४ला पुण्यात एकता नगरीत पाणी भरलं, तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघा, कार्पेट उचलून गंज शोधा. विम्याच्या क्लेमची माहिती मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडा.

कागदपत्रं

गाडी नावावर करायला राज्यातल्या राज्यात फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ची एनओसी लागते. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला होता. तिकडची गाडी इथे आणली की महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत तो धरलेला नसतो, म्हणून टोकन देण्याआधी आरटीओत रक्कम विचारून घ्या.