कामावर इजा झाली तर भरपाई आणि पुनर्वसनाचा दावा कसा करावा

कापसाचा हंगाम लागला की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट भागातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, रात्रपाळ्या सुरू होतात. सोयाबीन निघाले की वावरावावरांतून थ्रेशर फिरतो. भंडारा-गोंदियाकडे राइस मिल, चंद्रपूरकडे कोळसा आणि सिमेंट. अपघात या सगळ्याच ठिकाणी होतात आणि पुढचे चित्रही बहुतेक ठिकाणी सारखेच असते. मालक दवाखान्याचे बिल भरतो, वरून दहा-वीस हजार हातावर ठेवतो, आणि बोटे गेलेला माणूस घरी बसतो. घरचे म्हणतात, सेठने बरे केले, नाहीतर कोण देते?

कायदा १९२३ पासून सांगतो की कामामुळे आणि कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, मग चूक कोणाचीही असो. हा नुकसानभरपाईचा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अपघात त्याआधीचा असेल तर जुन्या कायद्याने दावा चालतो. दोन्हींचा गाभा एकच आहे. नव्या संहितेत एक गोष्ट स्पष्ट शब्दांत आली: घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती कामाशी जुळत असेल तर, कामावरचाच धरला जातो.

यात शेतमजूर येतो का, हे गावात सगळ्यात जास्त विचारले जाते. येतो. जमीन कसणे, जनावरे सांभाळणे, जंगलकाम, कीटकनाशकाची फवारणी, यंत्राने कापणी आणि मळणी ही कामे कायद्याच्या यादीत आहेत. सालगडी असो की एका दिवसाच्या रोजाने आलेला मजूर, दोघांनाही हक्क आहे.

पहिला दिवस: केसपेपर

दावे कायद्याअभावी पडत नाहीत, पुराव्याअभावी पडतात. तो पुरावा पहिल्या दिवशी तयार होतो किंवा त्याच दिवशी हातचा जातो. म्हणून या टप्प्यावर मी जरा जास्त थांबतो.

बोट तुटले असेल तर तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकू नका. १०८ ला फोन करा.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, इजा कशी झाली? तेव्हा सोबत आलेला मुकादम पटकन बोलून जातो, ‘घरी पडला जी.’ त्याला पोलिसांची भानगड नको असते. डॉक्टर तसेच लिहितात, आणि दोन वर्षांनी मालकाचा वकील तोच कागद पुढे करतो. जखमी शुद्धीवर असेल तर त्याने स्वतः सांगावे, नसेल तर घरच्याने सांगावे: अमुक जिनिंगमध्ये, अमुक वाजता, काम करताना उजवा हात रेच्यात (सरकी काढणाऱ्या यंत्रात) अडकला. लिहून झाल्यावर केसपेपर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर नर्सताईंकडून वाचून घ्या. चुकीचे लिहिले असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा. पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद झाली का तेही विचारा आणि तो नंबर लिहून ठेवा.

फवारणीत विषबाधा झाली असेल तर याची काळजी दुप्पट घ्या. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. अशा रुग्णाच्या कागदावर घाईत ‘विष प्राशन’ लिहिले गेले तर दाव्याला आत्महत्येचा संशय चिकटतो. ‘फवारणी करताना विषबाधा’ असे शब्द यायला हवेत. औषधाची बाटली किंवा डबा दवाखान्यात न्या. डॉक्टरांना उपचाराला तो लागतोच, शिवाय नंतर तो पुरावा म्हणून जपायचा.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची पक्की बिले, ऑटोच्या भाड्याच्या चिठ्ठ्या, सगळे एका पिशवीत ठेवा. मालक ‘विम्यासाठी पाहिजे’ म्हणून मूळ कागद मागेल. त्याला झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका.

तुम्ही तिथे कामाला होता, हे कसे दाखवायचे

जिनिंगमध्ये हजेरी बहुधा मुकादमाच्या वहीत असते आणि अपघातानंतर ती वही सापडत नाही. म्हणून हप्त्याची मजुरी फोन-पेवर किंवा खात्यात आली असेल तर त्या नोंदी, मुकादमाचे व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि गेटपास सांभाळा, आणि सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावे लगेच लिहून ठेवा. परराज्यातले सोबती हंगाम संपला की निघून जातात, त्यांचे मोबाइल नंबर आधी घ्या.

माणूस ठेकेदाराचा आहे, आमचा नाही, असे मालक म्हणतो. त्याच्या धंद्याचे काम त्याच्याच आवारात चालले असेल तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची की नाही, हे त्या दोघांनी पाहावे.

थ्रेशरच्या बाबतीत जरा विचार करून पाऊल टाका. पुष्कळदा थ्रेशरवाला आपले मजूर घेऊन गावोगाव फिरतो, तेव्हा मालक तो असतो, वावराचा धनी नव्हे. तीन एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर दावा लावण्याआधी मजुरी कोण देत होते हे नीट तपासावे.

मालकाला लेखी कळवा

तोंडी सांगितलेले टिकत नाही. साध्या कागदावर एवढे लिहिले तरी पुरते:

‘मी आपल्या जिनिंगमध्ये रेच्यावर मजूर म्हणून काम करतो. दि. ... रोजी रात्री अंदाजे ... वाजता काम करताना माझा उजवा हात रेच्यात अडकून चार बोटे तुटली. मी ... रुग्णालयात भरती आहे. हा अपघात कामावर असताना व कामामुळे झाला आहे. मला नुकसानभरपाई, औषधोपचाराचा खर्च आणि कामावर येता येत नाही त्या काळातली रक्कम मिळावी.’

खाली नाव, पत्ता, सही किंवा अंगठा. एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. त्याच कागदाचा फोटो मालकाच्या व्हॉट्सॲपवरही टाका. कारखाना असेल तर एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या. नोटीस द्यायची राहिली म्हणून हक्क बुडत नाही, विशेषतः मालकाला अपघात माहीत होता तेव्हा. दाव्याची मुदत मात्र दोन वर्षांची आहे. जखम भरेपर्यंत थांबू, हंगाम जाऊ दे, असे म्हणत ती निघून जाते.

आधी बघा, ईएसआय आहे का

पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा हप्ता, कापला जात असेल तर रस्ता वेगळा आणि सोपा आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ही योजना लागू असते. अपघाताचा अहवाल मालकाने ऑनलाइन भरायचा असतो. तो भरला का हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. कामावरच्या इजेसाठी आधी किती महिने हप्ता भरला याची अट नाही, कामाचा पहिलाच दिवस असला तरी चालते. बरे होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते, कायमचे अपंगत्व आले तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि दरमहा पैसे सुरू होतात. ईएसआयमध्ये असलेल्याला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

ईएसआय नसेल तर किती मिळते

कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. मृत्यू झाला तर ६० ऐवजी ५० टक्के. वय कमी तेवढा हा आकडा मोठा: विसाव्या वर्षी २२४, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७. पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. अपंगत्व अंशतः असेल तर अवयवाप्रमाणे टक्के ठरलेले आहेत. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, अंगठा गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४.

आता वरच्या पत्रातल्याच मजुराचा हिशेब करू. वय ३०, महिन्याला १२,००० रुपये, उजव्या हाताची चार बोटे गेली. १२,००० चे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला २०७.९८ ने गुणले की १४,९७,४५६. त्याचे ५० टक्के, ७,४८,७२८ रुपये. याशिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च. हा आकडा कागदावर मांडून मग सेठच्या वीस हजारांकडे बघा.

जखम भरून माणूस पुन्हा कामावर जाणार असेल, तर मधल्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के रक्कम द्यायची असते. तीन दिवसांच्या आत बरा झाला तर भरपाई नाही.

पाठीचा कणा किंवा शिरा दुखावल्या असतील तर त्या यादीत टक्के सापडत नाहीत. तिथे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरून कमाईची क्षमता किती गेली हे ठरते. शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डॉक्टरांकडून दुसरी स्पष्ट लिहून घ्या. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकातच म्हटले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व आहे. पोते उचलणाऱ्या हमालाचा पाय गेला तर हाच मुद्दा मांडायला हवा.

समझोत्याचा कागद

अपघातानंतर आठ-पंधरा दिवसांत कोणीतरी स्टॅम्प पेपर घेऊन येतो. ‘मला सर्व रक्कम मिळाली, माझी कोणतीही तक्रार नाही.’ अशा कागदावर सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. आधीच सही झाली असेल तरी खचू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई घरी आणून द्यायची नसतेच, ती दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. म्हणून तेरवीच्या वेळी विधवा बाईच्या हातात दिलेल्या नोटांनी तिचा आणि लेकरांचा दावा मिटत नाही.

तो दारू पिऊन होता, त्याने मशीनची जाळी काढली होती, असे आरोप हमखास होतात. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर या कारणांनी भरपाई नाकारता येत नाही.

दावा दाखल करणे

अपघातापासून महिन्याभरात मालकाने पैसे दिले नाहीत तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज लागते, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. अर्ज अपघात झाला त्या भागात किंवा तुम्ही राहता त्या भागात करता येतो. अपघात बुटीबोरीला झाला आणि घर मेळघाटात असेल तर प्रत्येक तारखेला बुटीबोरी गाठायची गरज नाही. जुन्या कायद्यात हे दावे ऐकणाऱ्याला आयुक्त म्हणत, संहितेत त्याला सक्षम प्राधिकारी म्हटले आहे. आपल्या भागाचे काम कोणाकडे चालते ते सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा.

वकिलाच्या पैशांची चिंता असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना वकील फुकट मिळतो. ‘मिळतील त्यातले तीस टक्के माझे’ म्हणणाऱ्या दलालाकडे फिरकू नका.

हात परत कामाला लागावा म्हणून

दावा चालू असतानाच पुनर्वसन सुरू करा, निकालाची वाट पाहू नका. जोडलेले किंवा वाचलेले बोट आठवडाभर हलवले नाही तरी आखडू लागते. टाके निघायच्या वेळी डॉक्टरांना विचारा, व्यायाम कधीपासून? फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेतला की तो घरी, कोमट पाण्यात हात बुडवून, दिवसातून चार-पाच वेळा करता येतो. हे न केल्यामुळे चांगली बोटेही कायमची वाकडी राहतात.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रेशन कार्ड दाखवून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होतात का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. कृत्रिम हात-पाय केंद्र सरकारच्या ॲडिप या दिव्यांगांना साधने देणाऱ्या योजनेतून मिळतात, शिबिरांची माहिती जिल्हा सामान्य रुग्णालयात आणि जिल्हा परिषदेत मिळते. मोजमाप देऊन आणलेला पाय पहिल्या दिवसांत टोचतो. तो कोपऱ्यात ठेवून देऊ नका, दुरुस्तीला परत न्या.

जखम पूर्ण भरली की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढा. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज भरून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलती आणि योजना उघडतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. ईएसआयवाल्यांना व्यवसाय प्रशिक्षणासाठी वेगळी मदत आहे. एसटी, जिल्हा परिषद यांसारख्या सरकारी आस्थापनेत नोकरीवर असताना अपंगत्व आले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कामावरून काढता येत नाही, झेपेल अशा जागेवर त्याच पगारात सामावून घ्यावे लागते. खासगी मालकावर एवढे बंधन नाही, तरी वजनकाट्यावर किंवा गेटवर काम द्या असा लेखी अर्ज जरूर करा.

भरपाईबरोबर इतर पैसेही सुटू देऊ नका. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दावा बँकेत करा. सातबारा नावावर असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक जण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत बसतो, त्यासाठी कृषी सहायकांना भेटा. बांधकाम मजुराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर तिथे वेगळा अर्ज होतो. या योजनांच्या मुदती भरपाईच्या दोन वर्षांपेक्षा फार कमी असतात, काहींच्या तर महिन्याभराच्या. म्हणून जखमी दवाखान्यात असतानाच घरातल्या एकाने पासबुक, आधार, सातबारा आणि केसपेपरची झेरॉक्स घेऊन आधी बँकेत आणि मग तालुका कृषी कार्यालयात जावे.